कंपवाताच्या रुग्णाचा एमआरआय: चिठ्ठीपासून अहवालापर्यंत

"एमआरआय नॉर्मल आहे, म्हणजे पार्किन्सन नाही ना?" रिपोर्टचे पाकीट हातात धरून मुलगा किंवा सून हा प्रश्न विचारते. नाशिकमध्ये रेडिओलॉजिस्ट म्हणून काम करताना त्याचे उत्तर मला इतक्या वेळा द्यावे लागले आहे की, ते एकदा सविस्तर लिहून ठेवावे असे वाटले. पार्किन्सनच्या, म्हणजे आपण ज्याला कंपवात म्हणतो त्या आजाराच्या, सुरुवातीच्या वर्षांत नेहमीच्या पद्धतीने काढलेला मेंदूचा एमआरआय बहुधा नॉर्मलच येतो. हा आजार आहे की नाही हे न्यूरोलॉजिस्ट रुग्णाला चालवून, बोटांची उघडझाप करायला लावून आणि त्याचे मनगट स्वतः फिरवून पाहून ठरवतात. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय निकषांतही हालचालींतील मंदपणा हे मूळ लक्षण धरले असून, त्याच्या जोडीला विश्रांतीच्या वेळची थरथर किंवा स्नायूंचा ताठरपणा यांपैकी एक तरी असावे असे म्हटले आहे. एमआरआयमध्ये अमुक दिसलेच पाहिजे अशी अट तेथे नाही.

मग एमआरआय काढायचा कशासाठी? मुख्यतः पार्किन्सनसारखे दिसणारे, पण पार्किन्सन नसलेले आजार ओळखण्यासाठी. आणि अलीकडे काही विशेष छेद, म्हणजे मशीनने काढलेली मेंदूच्या पातळ कापांची चित्रे, घेऊन कंपवाताची स्वतःची खूण पाहण्यासाठीही. ही दोन्ही कामे एकाच तपासणीत होऊ शकतात, मात्र काय शोधायचे आहे हे मशीन सुरू होण्याआधी ठरलेले असावे लागते. पुढचे सगळे विवेचन त्याच्याच भोवती फिरणार आहे.

मेंदूत नेमके काय बदलते

लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी 1817 साली या आजाराचे सविस्तर वर्णन लिहिले ते सहा जणांवरून, आणि त्यांतल्या काहींना तर त्यांनी फक्त रस्त्यात पाहिले होते. मेंदूत बिघाड कुठे होतो हे कळायला पुढे शंभर वर्षे जावी लागली. 1919 साली पॅरिसमध्ये त्रेत्याकॉफ या डॉक्टरांनी आपल्या प्रबंधात दाखवून दिले की, अशा रुग्णांच्या मध्यमेंदूतील सब्स्टॅन्शिया नायग्रा या भागातील पेशी नष्ट झालेल्या असतात. नायग्रा म्हणजे काळा. निरोगी मेंदूचा आडवा छेद घेतला तर डावीकडे आणि उजवीकडे एकेक काळसर पट्टा साध्या डोळ्यांनी दिसतो. कंपवाताच्या रुग्णात तोच पट्टा फिका पडलेला आढळतो.

मध्यमेंदू हा मेंदूच्या देठाचा सर्वांत वरचा, जेमतेम दोन सेंटिमीटर उंचीचा भाग. तेथील काळ्या पट्ट्यातल्या पेशी डोपामीन हे रसायन तयार करतात आणि लांब तंतूंवाटे ते वर पुटामेन आणि कॉडेट या केंद्रांपर्यंत पोचवतात. काळा रंग असतो तो न्यूरोमेलॅनिन या रंगद्रव्याचा. पेशी मरू लागल्या की रंगद्रव्य घटते, पट्ट्यात लोहाचे प्रमाण वाढते आणि वरच्या केंद्रांपैकी पुटामेनच्या मागच्या टोकाला डोपामीनचा तुटवडा सर्वांत आधी जाणवतो. हाताची थरथर घरच्यांच्या लक्षात येते तोवर या पेशींचा मोठा हिस्सा गेलेला असतो. तरीही मेंदूचा एकूण आकार, घड्या आणि पोकळ्या वयाला शोभतील अशाच राहतात. नेहमीच्या एमआरआयमध्ये छेदाची जाडी साधारण 5 मिलिमीटर असते, आणि हा सगळा बदल त्याच्याहून बारीक जागेत घडत असतो. म्हणून तो दिसत नाही. मशीन खोटे बोलत नसते. आपण त्याला जे विचारले नाही ते सांगत नसते, इतकेच.

चिठ्ठीवर प्रश्न हवा

निफाड तालुक्यातले एक द्राक्ष बागायतदार मुलासोबत आमच्याकडे आले होते. चिठ्ठीवर 'एमआरआय ब्रेन प्लेन' एवढेच. ते टेबलावर चढताना मी सहज पाहत होतो, तर त्यांनी पाय अडकल्यासारखे दोन-तीनदा जागच्या जागी उचलले आणि मगच पुढे टाकले. मुलाला विचारल्यावर कळले की चाल दोन वर्षांपासून अशी झाली आहे, लघवी कधी कधी कपड्यातच होते आणि हल्ली नावे विसरतात; हातांना मात्र थरथर अजिबात नाही. एवढ्या चार वाक्यांनी माझी पाहण्याची दिशा बदलली. मी मेंदूतील पाण्याच्या पोकळ्यांची मापे काढायला सांगितली, आणि अहवालाचा निम्मा भाग त्या मापांनीच भरला. ही वाक्ये चिठ्ठीवर असती तर ती टेबलाजवळ अपघाताने कळण्याची वेळ आली नसती.

म्हणून घरच्यांनी तपासणीच्या आदल्या दिवशी एक पान लिहावे. त्यात त्रास कधी सुरू झाला, कोणत्या हाताने किंवा पायाने सुरू झाला, आजही ती बाजू जास्त आहे का, पहिल्याच वर्षी पडण्याचे प्रसंग आले का, उठून उभे राहिल्यावर चक्कर येऊन रक्तदाब उतरतो का, लघवीवरचा ताबा आणि स्मरणशक्ती कशी आहे, आणि लेव्होडोपाच्या, म्हणजे कंपवातावरच्या मुख्य औषधाच्या, गोळीने फरक पडला का, हे यावे. वय आवर्जून लिहावे. चाळिशीच्या आतल्या व्यक्तीत अशी लक्षणे असतील तर आमचा शोधच वेगळा असतो, त्याबद्दल पुढे सांगतो.

त्याच पिशवीत चालू असलेल्या सगळ्या औषधांची पाकिटे टाकावीत, अगदी पित्ताच्या आणि चक्करेच्या गोळ्यांचीसुद्धा. हे मी विशेष आग्रहाने सांगतो. पित्ताच्या काही जोडगोळ्यांमध्ये लेव्होसल्पिराइड असते, चक्कर आणि अर्धशिशीसाठी फ्लुनारिझीन किंवा सिनारिझीन दिले जाते, उलटीसाठी मेटोक्लोप्रामाइड; शिवाय मनोविकारांवरची काही औषधे आहेतच. यांतले कोणतेही औषध, विशेषतः ज्येष्ठांमध्ये, हुबेहूब कंपवातासारखी लक्षणे निर्माण करू शकते. माझी एक मावशी सात-आठ महिने पित्ताची गोळी दुकानातून परस्पर आणून घेत होती, आणि तिचा मंदावलेला चेहरा पाहून आम्ही सगळे वयाला दोष देत होतो. पाकिटावरची बारीक अक्षरे मी वाचली ती फार उशिरा, आणि तीही एका लग्नात जेवणानंतर तिने पर्स उघडली म्हणून. अशी गोळी घरात सापडली तर ती स्वतःहून बंद न करता डॉक्टरांना दाखवावी. काही औषधे एकदम थांबवणे धोक्याचे असते.

आता केंद्राला फोन करून काय विचारावे ते. पहिला प्रश्न मशीनमधल्या चुंबकाच्या ताकदीचा: 1.5 टेस्ला की 3 टेस्ला? पक्षाघाताचे जुने डाग, पाण्याच्या पोकळ्या, गाठ, कवटीखाली साचलेले रक्त, मेंदूच्या देठाचे आकुंचन, हे सगळे 1.5 टेस्लावर उत्तम दिसते, आणि तेवढ्यासाठी घराजवळचे केंद्र सोडून लांब जाण्याचे कारण नाही. काळ्या पट्ट्यातली बारीक खूण पाहायची असेल तर मात्र 3 टेस्ला हवे, 1.5 टेस्लाच्या चित्रावरून त्या खुणेबद्दल ठाम विधान करणे मला पटत नाही. दुसरा प्रश्न असा की, पार्किन्सनसाठी एसडब्ल्यूआय, म्हणजे लोहाला संवेदनशील असलेले पातळ छेद, आणि संपूर्ण मेंदूचे त्रिमितीय टी-वन छेद, म्हणजे मेंदूची रचना स्पष्ट दाखवणारे छेद, घेतले जातील का? हे शब्द न्यूरोलॉजिस्टकडून चिठ्ठीवरच लिहून घेतलेले सर्वांत चांगले. शिरेतून द्यायच्या गॅडोलिनियम या रंगद्रव्याची या कामासाठी सहसा गरज नसते, त्यामुळे ते कोणी सुचवले तर कारण विचारण्यात गैर काही नाही.

तपासणीच्या दिवशी

मेंदूचा एमआरआय साधारण अर्धा ते पाऊण तास चालतो, आणि त्या वेळात डोके मिलिमीटरभरही हलू नये अशी अपेक्षा असते. ज्याला हालचालीचाच आजार आहे त्याच्याकडून ही अपेक्षा करायची तर आधी थोडा विचार करावा लागतो. सर्वांत जास्त चूक होते ती औषधाच्या वेळेत. सुरगाणा, येवला, मालेगाव अशा ठिकाणांहून निघालेली माणसे पहाटेची बस धरतात, 'तपासणी आहे' म्हणून उपाशी राहतात आणि सकाळची लेव्होडोपाही चुकवतात. परिणामी रुग्ण टेबलावर येतो तो थरथरत आणि आखडलेला. भूल द्यायची नसेल तर साध्या एमआरआयसाठी उपाशी राहण्याची गरज नसते, आणि लेव्होडोपा तर नेहमीच्या वेळेलाच घ्यावी. गोळीचा अंमल कोणत्या वेळी चांगला असतो हे घरच्यांना ठाऊक असते. अपॉइंटमेंट त्या वेळेची मागावी. काही रुग्णांना गोळीचा अंमल टिपेला असताना अंगाचे अनैच्छिक हेलकावे सुरू होतात, त्यांनी तो तासभर टाळावा. द्वारका चौकातल्या गर्दीत अर्धा तास जातो हे गृहीत धरून निघावे आणि पुढची एक गोळी, पाण्याची बाटली जवळ ठेवावी.

अंगावरच्या धातूबद्दल केंद्रात विचारतातच, तरी घरून निघतानाच मंगळसूत्र, जोडवी, बांगड्या, कमरेचा करदोटा, दंडातला ताईत आणि काढता येणारी कवळी उतरवून ठेवली की तेथे घाई होत नाही. आज्जींच्या नऊवारी लुगड्याला खोचलेली पिन हमखास राहून जाते. बरीच वर्षे न काढलेली चमकी किंवा अंगठी रुतून बसलेली असेल तर ती आदल्या दिवशी साबणाच्या पाण्याने काढावी. कंपवाताच्या रुग्णांसाठी एक वेगळी सूचना आहे: रोटिगोटीन औषधाची त्वचेवर चिकटवायची चकती लावलेली असेल तर तिच्या पाठीला ॲल्युमिनियमचा थर असू शकतो आणि मशीनमध्ये ती तापून त्वचा भाजू शकते, म्हणून ती आत जाण्यापूर्वी काढावी लागते. पेसमेकर, कानातले कॉक्लियर इम्प्लांट, मेंदूतील जुन्या क्लिपा किंवा कंपवातावरच्या डीप ब्रेन स्टिम्युलेशन शस्त्रक्रियेत छातीत बसवलेली बॅटरी असेल तर हे फोनवरच सांगावे. अशा उपकरणांचे कार्ड पाहून, उत्पादकाच्या अटी तपासूनच तपासणी करता येते, आणि कधी कधी ती करताच येत नाही.

पाठीला बाक आलेल्या माणसाचे डोके टेबलाला टेकत नाही. तंत्रज्ञ डोक्याखाली आणि मानेखाली घडी घालतात, कानांच्या बाजूंना स्पंजचे तुकडे बसवतात, गुडघ्यांखाली उशी देतात आणि हातांवर चादर गुंडाळतात. एवढ्यानेही थरथर पुष्कळ कमी होते. हातात रबरी फुगा देतात, तो दाबला की बाहेर घंटी वाजते. ताठरलेल्या बोटांना तो दाबता येतो का हे आत जाण्यापूर्वी एकदा करून पाहावे. लघवीला जाऊन येणे तर अनिवार्य. आवाज हातोड्यासारखा ठोकल्यागत येतो, कानात बोळे असतात तरी तो जाणवतो, हे रुग्णाला आधीच सांगून ठेवलेले बरे, कारण दचकले की कंप वाढतो. बंद जागेची भीती वाटणाऱ्यांना डॉक्टर शांत करणारे औषध देऊ शकतात. त्या वेळी मात्र पार्किन्सनची सगळी औषधे भूलतज्ज्ञांना दाखवावीत आणि उलटी होऊ नये म्हणून मेटोक्लोप्रामाइड देऊ नये याची आठवण करून द्यावी.

अहवाल आणि चित्रे कशी पाहावीत

अहवाल हाती आला की घरचे आधी शेवटची ओळ वाचतात. माझा सल्ला असा की वरून वाचावे, आणि प्रथम चित्रांचा दर्जा कसा होता याबद्दल काही लिहिले आहे का ते पाहावे. 'हालचालीमुळे चित्रे अस्पष्ट' अशा अर्थाचे वाक्य असेल तर बारीक खुणांबद्दलचे खालचे सगळे निष्कर्ष सैल धरावेत.

त्यानंतर मध्यमेंदूबद्दलचे वाक्य शोधावे. कंपवातात त्याचा आकार टिकून राहतो, पण प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लियर पाल्सी, म्हणजे पीएसपी, या आजारात तो झिजतो. या आजारात माणूस पहिल्या काही वर्षांतच मागे पडू लागतो आणि डोळे वर-खाली फिरवणे जड जाते. मेंदूच्या बरोबर मधून घेतलेल्या उभ्या छेदात निरोगी मध्यमेंदूची वरची कड फुगीर असते; पीएसपीमध्ये ती सपाट किंवा खोलगट होते, आणि खालचा सेतू, म्हणजे पॉन्स, तसाच गुबगुबीत राहतो. मग पॉन्स हे पोट, झिजलेला मध्यमेंदू हे डोके आणि पुढे चोच, असा एक पक्षी दिसू लागतो. अहवालात याला हमिंगबर्ड साइन म्हणतात. तो पक्षी आपल्याकडे नाही, म्हणून मी विद्यार्थ्यांना शिंजीर म्हणून दाखवतो; जास्वंदीवर बाकदार चोच लावणारा शिंजीर सर्वांनी पाहिलेला असतो आणि तो चित्रात लगेच सापडतो. डोळ्यांच्या अंदाजावर सोडू नये म्हणून मापेही आहेत. इटलीतील संशोधकांनी 2008 साली एक निर्देशांक मांडला, ज्यात पॉन्सचे क्षेत्रफळ भागिले मध्यमेंदूचे क्षेत्रफळ या संख्येला लहान मेंदूच्या मधल्या आणि वरच्या देठांच्या जाडीच्या गुणोत्तराने गुणतात. मध्यमेंदू आणि वरचा देठ झिजले की हा आकडा वाढतो. अहवालात एमआरपीआय असे लिहून पुढे आकडा असेल तर तो हाच.

दुसरा आजार मल्टिपल सिस्टिम ॲट्रोफी, म्हणजे एमएसए. उभे राहिल्यावर रक्तदाब फार उतरणे, लघवीचा त्रास लवकर सुरू होणे आणि लेव्होडोपाने म्हणावा तसा फरक न पडणे, ही त्याची चाहूल. यात पॉन्सच्या आडव्या छेदात पांढऱ्या रेघांची फुली दिसू शकते. ख्रिस्ती लोक ईस्टरच्या सुमारास वर क्रूस काढलेला बनपाव करतात, त्यावरून तिला हॉट क्रॉस बन असे नाव पडले. पुटामेन चपटे होणे आणि त्याच्या बाहेरच्या कडेला बारीक पांढरी रेघ येणे हीही एमएसएची खूण असते, पण 3 टेस्लाच्या चित्रात अशी रेघ निरोगी माणसातही दिसते, त्यामुळे तेवढ्यावरून घाबरू नये. या खुणा दिसल्या तर उपयोगी, पण सुरुवातीच्या काळात त्या नसल्या म्हणून एमएसए किंवा पीएसपी नाहीच असे म्हणता येत नाही. हे लक्षात न ठेवल्याने पुष्कळ गोंधळ होतो.

तिसरे, ज्याची मला नेहमी आशा असते, कारण त्यावर उपाय आहे. निफाडच्या बागायतदारांमध्ये ज्याचा शोध घेतला ते नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफॅलस. यात मेंदूतील पाण्याच्या पोकळ्या वाजवीपेक्षा मोठ्या होतात. पुढच्या पोकळ्यांची सर्वांत जास्त रुंदी भागिले त्याच छेदातील कवटीची आतली रुंदी हा इव्हान्स निर्देशांक 0.3 च्या वर जातो, आणि माथ्यावरच्या घड्या मात्र दाटीवाटीने चिकटलेल्या दिसतात. नुसता मेंदू वयाने सुकला तरी पोकळ्या मोठ्या होतात, पण त्या वेळी घड्यांमधल्या फटीही रुंदावतात. दोन्हींतला फरक येथे आहे. पुढची पायरी म्हणून न्यूरोलॉजिस्ट मणक्यातून थोडे पाणी काढून चाल सुधारते का ते पाहतात, आणि सुधारली तर शंट, म्हणजे हे जादा पाणी बाहेर वळवणारी नळी, बसवण्याच्या शस्त्रक्रियेचा विचार होतो.

मधुमेह आणि रक्तदाब बरीच वर्षे असलेल्यांच्या अहवालात 'स्मॉल व्हेसल इस्केमिक चेंजेस' आणि फाझेकास 1, 2 किंवा 3 असे शब्द येतात. ते बारीक रक्तवाहिन्यांच्या झिजेचे डाग असतात, आणि फाझेकासचा आकडा जितका मोठा तितके ते जास्त. फाझेकास 1 साठीनंतर इतक्या लोकांत आढळतो की त्याला चालीच्या त्रासाचे कारण मानू नये. 3 असेल आणि त्रास मुख्यतः पायांत असेल, हात बऱ्यापैकी मोकळे असतील, तर रक्तवाहिन्यांमुळे होणारा पार्किन्सनसदृश आजार विचारात घ्यावा लागतो.

चाळिशीच्या आतल्या रुग्णांबद्दल सांगायचे राहिले होते. त्यांच्यात विल्सनचा आजार, म्हणजे यकृत आणि मेंदूत तांबे साठण्याचा आनुवंशिक आजार, वगळल्याशिवाय पुढे जाऊ नये. पुटामेन आणि मध्यमेंदूतील पांढुरकेपणा, कधी मध्यमेंदूच्या छेदात पांडाच्या चेहऱ्यासारखी आकृती, या त्याच्या एमआरआयमधील खुणा. रक्तातील सेरुलोप्लाझ्मिन हे तांबे वाहणारे प्रथिन आणि डोळ्यांच्या बुबुळाभोवतीचे कडे पाहून डॉक्टर निदान पक्के करतात. औषधांनी तांबे बाहेर काढता येते, म्हणून तो चुकू नये.

शेपटीची खूण, आणि माझी एक चूक

आता कंपवाताची स्वतःची खूण. काळ्या पट्ट्याच्या मागच्या भागात निग्रोसोम-1 नावाचा पेशींचा एक पुंजका असतो. 3 टेस्लावरील एसडब्ल्यूआयच्या पातळ आडव्या छेदात निरोगी माणसात तो एक उजळ फट म्हणून दिसतो, आणि तिच्या दोन्ही बाजूंना काळ्या रेघा असतात. सगळी आकृती दुभंगलेल्या शेपटीसारखी. इंग्लंडमधील नॉटिंगहॅमच्या संशोधकांनी 2014 साली तिला स्वॅलो टेल, म्हणजे भिंगरीचे शेपूट, असे नाव दिले. विजेच्या तारेवर बसणाऱ्या कोतवालाचे शेपूट डोळ्यांसमोर आणले तरी चालेल. कंपवातात त्या पुंजक्यातल्या पेशी जातात, लोहाचा काळेपणा तेथेही पसरतो, उजळ फट बुजते आणि शेपटी दिसेनाशी होते.

काही हिवाळ्यांपूर्वी सिन्नरहून आलेल्या एका निवृत्त शिक्षकांच्या अहवालात मी दोन्ही बाजूंची शेपटी नाही असे लिहिले. चार दिवसांनी त्यांच्या न्यूरोलॉजिस्टांचा फोन आला: गुरुजींचा हात मांडीवर स्थिर असतो, चहाचा कप उचलला की थरथरतो, आणि त्यांच्या वडिलांनाही तसेच होते, मला हा साधा आनुवंशिक कंप वाटतो, तू पुन्हा बघ. पुन्हा पाहिले तेव्हा लक्षात आले की नेमक्या त्या चार-पाच मिनिटांच्या छेदाच्या वेळी गुरुजींना खोकल्याची उबळ आली होती, आणि छेदही थोडा तिरपा पडला होता. मी त्यांना परत बोलावून तेवढाच छेद नव्याने घेतला, तर दोन्ही शेपट्या लख्ख दिसल्या. तेव्हापासून चित्र पुसट असेल तर मी 'शेपटी नाही' असे लिहीत नाही, 'ठरवता येत नाही' असे लिहितो. अहवालात असे वाक्य आले तर ते टाळाटाळीचे न मानता छेद पुन्हा घेता येईल का, हे विचारावे.

या खुणेची मर्यादाही सांगायला हवी. शेपटी पीएसपी आणि एमएसएमध्येही हरवते, त्यामुळे ती कंपवात आणि त्याचे हे भाऊबंद यांच्यात फरक करू शकत नाही. आनुवंशिक कंप आणि औषधांमुळे झालेली लक्षणे बाजूला काढायला मात्र तिची मदत होते. न्यूरोमेलॅनिनचे रंगद्रव्य थेट उजळ दाखवणारे छेदही जपानी संशोधकांनी 2006 साली दाखवून दिले आहेत, आणि कंपवातात तो उजळ पट्टा आक्रसतो. पण सर्व केंद्रांवर तो छेद बसवलेला नसतो आणि त्याच्याविना निदान अडतही नाही. आजार वाढून स्मृतिभ्रंश झालेल्या रुग्णांत मेंदूची साल पातळ होणे आणि हिप्पोकॅम्पस हा स्मरणशक्तीशी संबंधित भाग झिजणे हेही आढळते, परंतु हे निष्कर्ष रुग्णांच्या गटांच्या सरासरीतून आलेले आहेत. एकट्या माणसाच्या अहवालात संगणकाने छापलेला आकारमानांचा तक्ता असेल तर त्यावरून त्याचे पुढचे भविष्य वर्तवू नये.

एमआरआयने उत्तर मिळाले नाही तर

तपासून आणि एमआरआय पाहूनही न्यूरोलॉजिस्टांना शंका राहिली, तर डोपामीनच्या तंतूंचे स्कॅन सांगितले जाते. अमेरिकेत 2011 साली मान्यता मिळालेले डॅटस्कॅन हे त्यांतले प्रसिद्ध नाव. आपल्याकडे टेक्नेशियम वापरून केले जाणारे ट्रोडॅट स्पेक्ट किंवा फ्लुओरोडोपा पेट या चाचण्या होतात. शिरेतून किरणोत्सारी द्रव्याची अल्प मात्रा देतात, काही वेळ थांबवतात आणि मग चित्रे काढतात. निरोगी माणसात कॉडेट आणि पुटामेन मिळून दोन्ही बाजूंना स्वल्पविरामाचा आकार उजळतो. कंपवातात पुटामेनचे मागचे शेपूट विझते आणि स्वल्पविरामाचा पूर्णविराम होतो, आणि हे बहुधा ज्या हाताला त्रास जास्त आहे त्याच्या विरुद्ध बाजूला अधिक ठळक असते. स्कॅन नॉर्मल असेल तर 2015 च्या निकषांप्रमाणे कंपवाताचे निदान मागे घ्यावे लागते. तो बिघडलेला असेल तर कंपवात, पीएसपी की एमएसए हे त्यावरून कळत नाही. म्हणूनच माझ्या मते लक्षणे स्पष्ट असलेल्या आणि गोळीला चांगला प्रतिसाद देणाऱ्या माणसाला या खर्चात पाडू नये.

हे स्कॅन नाशिकमध्ये होईल की मुंबई-पुण्याला जावे लागेल, हे न्यूक्लिअर मेडिसिनच्या केंद्राला फोन करूनच ठरवावे, कारण त्यासाठीचे औषध ठरावीक दिवशीच तयार केले जाते आणि त्याचे आयुष्य तासांत मोजतात: टेक्नेशियमची ताकद 6 तासांत निम्मी होते, पेटच्या फ्लुओरीनची 110 मिनिटांत. बस चुकली म्हणून दुपारी पोचलो, असे येथे चालत नाही. नैराश्यावरचे बुप्रोपियॉन किंवा मिथिलफेनिडेटसारखी काही औषधे डॅटस्कॅन आणि ट्रोडॅट या डोपामीन वाहकाच्या स्कॅनमध्ये अडथळा आणतात, आणि लेव्होडोपा घ्यावी की थांबवावी याचे उत्तर चाचणीनुसार बदलते. म्हणून औषधांची यादी वेळ ठरवतानाच कळवावी.

जपून काय ठेवावे

कागदाची फिल्म घड्या पडून दोन-तीन वर्षांत निरुपयोगी होते, म्हणून सीडी किंवा पेन ड्राइव्हवर सगळ्या छेदांच्या मूळ डायकॉम फाइली मागून घ्याव्यात. मोबाइलने काढलेल्या फिल्मच्या फोटोवर मध्यमेंदूचे माप घेता येत नाही. दरवर्षी एमआरआय काढण्याची गरज नसते, कारण कंपवाताची प्रगती त्यात मोजता येत नाही. मात्र वारंवार पडणे सुरू झाले, डोक्याला मार लागल्यावर सुस्ती आली, एक बाजू अचानक लुळी पडली किंवा चालीत आठवड्यांत झपाट्याने फरक पडला, तर नवीन एमआरआय किंवा तातडीचा सीटी लागतो. वयाने सुकलेल्या मेंदूत साध्या पडण्यानेही कवटीखाली रक्त साचू शकते, आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर अधिकच. अशा वेळी जुनी सीडी बरोबर न्यावी. शिंजिराची चोच गेल्या वेळीही होती की नव्याने दिसू लागली आहे, हे रेडिओलॉजिस्टला दोन चित्रे शेजारी ठेवूनच सांगता येते. सीडीच्या कव्हरवर तपासणीची तारीख, मशीन किती टेस्लाचे होते ते, आणि त्या दिवशी शेवटची गोळी किती वाजता घेतली होती हे बॉलपेनने लिहून ठेवावे.